नऊ टक्के

चार्जरची पिन खाचेत बसली, रोजची ती बारीकशी 'टक' बोटांना जाणवली, पण कडेचा दिवा लागला नाही. एळिलने हात तसाच धरून ठेवला. खिडकीतून येणारं सकाळचं ऊन थेट टेबलावर पडत होतं आणि अशा उन्हात तो तिळाएवढा दिवा कधीकधी दिसत नसे, म्हणून तिने तळहाताची सावली केली. दिवा नव्हता. पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीचं चित्र होतं, त्याच्याशेजारी नऊ टक्के असा आकडा होता, आणि ती बघत होती तेवढ्या वेळात तो आकडा हलला नाही याचंच तिला बरं वाटलं. मग तिने लॅपटॉप बंद केला. अकरा वर्षांच्या सवयीने तो बंद व्हायलाही पुष्कळ वेळ घेत राहिला. गुरुवारी, शिक्का लावायच्या आधी, तिने स्वतः बघितलं होतं तेव्हा चाळीस टक्के होते. शुक्रवार, शनिवार पूजेच्या सुट्ट्या, मग रविवार. चार रात्री कपाटात बंद पडून एकतीस टक्के गेले. जुनी बॅटरी झिरपते हे तिला माहीत होतं. पण इतकी? तिने वहीत दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि खाली रेघ ओढली. रेघेखाली काय लिहायचं ते तिला सुचलं नाही.

तीन वाजता चौकशी होती. पाण्याच्या त्या प्रयोगशाळेत चौदा वर्षं काढल्यावर एळिलरसीला आपल्या आकड्यांसाठी उभं राहावं लागणार होतं. मणलमेडु वस्तीतल्या आठ विहिरींमध्ये ती दर महिन्याला मोजणीची कांडी सोडायची. कांडी पाण्यातला खारेपणा मोजायची आणि आकडा तारेतून सरळ या लॅपटॉपमध्ये जायचा, तारीख आणि वेळ लागून. कांडी बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती आणि कांडीच्या नोंदी दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर उघडत नव्हत्या. त्या आकड्यांवरच वस्तीला रोज सहा टँकर पाणी मिळत होतं. मार्चमध्ये शेजारच्या टेबलावरच्या मदिवाणनने संचालकांना पत्र दिलं की हे आकडे संशयास्पद वाटतात. कारण काय, तर ते फार नीट आहेत. महिन्यामहिन्याला शिडीच्या पायऱ्या चढाव्यात तसा खारेपणा चढतो, कुठे घसरत नाही, कुठे चुकत नाही. "विहिरी एवढ्या शहाण्या नसतात, एळिल," तो तिला तोंडावरही म्हणाला होता, हातात कॉफीचा पेला धरून, अगदी सहज. छापील प्रती फायलीत होत्या, पण कागदावर कोणीही काहीही टाईप करू शकतं. म्हणून ठरलं की मूळ नोंदी मूळ यंत्रावर, सगळ्यांसमोर उघडायच्या, आणि तोवर यंत्राला कोणी हात लावायचा नाही. गुरुवारी दुपारी लॅपटॉपच्या पाठीवर, स्क्रूंवरून मागच्या कडेपर्यंत वळवून, पांढऱ्या कागदाची पट्टी डिंकाने चिकटवली गेली. हाच शिक्का, आणि त्यावर दोन सह्या. एक तिची, एक मदिवाणनची. आता पाठ उघडायची नाही, आतलं काही काढायचं नाही. आणि तीन वाजता तो सुरूच झाला नाही तर मदिवाणनला एक शब्दही बोलावा लागणार नव्हता.

तिने चार्जर भिंतीतून काढला आणि त्याच जागी टेबलावरचा दिवा लावून बघितला. लागला. म्हणजे भिंत ठीक. मग खणातून मीटर काढून त्याची एक तार चार्जरच्या पिनेच्या आत, एक बाहेरून टेकवली. साडेएकोणीस व्होल्टच्या आसपास आकडा स्थिर झाला. म्हणजे चार्जरही ठीक. तिने पिन पुन्हा लॅपटॉपला लावली, डावीकडे दाबली, उजवीकडे दाबली. एकदा वाटलं की दिवा फडफडला, पण ते तिच्या बांगडीवरचं ऊन होतं. बॅटरी काढून पुन्हा बसवायची तर पट्टी आड येत होती. सुरू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं, असंही लोक करतात. तिने घड्याळ लावून धरलं. काही नाही. शेवटी टॉर्च घेऊन तिने खाचेत डोकावून बघितलं. मधली बारीक सुई जागेवर होती, सरळ होती. सुईभोवती पिवळसर काहीतरी चमकल्यासारखं दिसलं, आणि तिने मनाशी नोंद केली: पितळ. गंज नाही. खाच ठीक.

राहिलं काय, तर आतलं काहीतरी, किंवा कोणीतरी. एकेक गोष्ट बाजूला सारत गेलं की उरतं तेच खरं, ही रीत तिने आयुष्यभर वापरली होती, आणि आता भिंत, चार्जर, खाच बाजूला सारल्यावर तिच्यासमोर माणसं उरली. लॅपटॉप सुरू करून पाहायला वेळ कोणाकडे होता? किल्ली कोणाकडे होती? एकतीस टक्के म्हणजे जवळजवळ एक तासाचं काम. एका तासात माणूस किती नोंदी बदलू शकतो?

"आयुधपूजेची सुट्टी यंत्रांना जास्त मानवलेली दिसते," मदिवाणन दारातूनच म्हणाला. हातात डबा, कपाळावर भस्माच्या तीन रेघा. त्याने मीटर बघितलं, टॉर्च बघितला, आणि तो थांबला. "काय झालं?"

"चार्ज होत नाही."

"आज?"

"आजच," एळिल म्हणाली, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर काळजी होती. ती खरी होती की आणलेली हे तिला ठरवता येईना. त्याने खाली वाकून आपल्या खणातून एक चार्जर काढला. "हा लावून बघा. याच जातीचा आहे, माझ्या आधीच्या लॅपटॉपचा."

याच जातीचा चार्जर त्याच्या खणात, आज, हाताशी. तिने तो घेतला, आधी मीटर लावून मोजला, मगच खाचेत घातला. दिवा लागला नाही. मदिवाणन हसला. "माझ्या चार्जरचीही चौकशी केलीत."

"तुम्ही माझ्या विहिरींची केलीत."

"ते खरं," तो म्हणाला. "पण मी विहिरींवर आरोप करत नाही, एळिल. मी आकड्यांवर शंका घेतो. ते काम आहे आपलं." आणि तो खुर्चीत बसून डब्याचं झाकण नीट बसलंय की नाही ते बघू लागला, जणू बोलणं संपलं. तिला राग आला तो या गोष्टीचा, की त्याच्या जागी ती असती तर तिनेही हेच वाक्य म्हटलं असतं.

बोटांकडे बघायची सवय तिला नवव्या वर्षी लागली होती. वडील अंबत्तूरच्या कारखान्यात लेथवर होते. नास्तिकांच्या चळवळीतला काळा शर्ट घालणारे, देवाचं नावही न काढणारे, मुलीचं नाव मुद्दाम शुद्ध तमिळ ठेवणारे. आयुधपूजेच्या दिवशी कारखान्यात केळीचे खांब बांधलेले, चुरमुऱ्याच्या राशी, गूळ, प्रत्येक यंत्राला गंध आणि कुंकू. आणि आप्पा बाहेर, फाटकाशी, विडी ओढत उभे. "यंत्राला तेल लागतं, कुंकू नाही," ते तिला सांगत होते, आणि ती मान डोलवत होती. मग सगळे चुरमुरे खायला अंगणात गेले. ती पाणी प्यायला आत गेली तेव्हा आप्पा त्यांच्या लेथपाशी पाठमोरे उभे होते. त्यांनी गंधाच्या वाटीत बोट बुडवलं, लेथच्या खालच्या अंगाला, कोणाला दिसणार नाही अशा जागी एक टिकली लावली, आणि क्षणभर तळहात तिथेच ठेवला, ताप बघावा तसा. ती न बोलता बाहेर आली. परत येताना बसमध्ये आप्पांच्या उजव्या बोटाचं टोक पिवळं होतं. त्यांनी ते पँटला पुसलं, पण नखाच्या कडेला राहिलं. तिने कधी विचारलं नाही. आईलाही सांगितलं नाही. पण तेव्हापासून कोणी काही ठामपणे सांगू लागलं की तिचे डोळे खाली उतरत, बोलणाऱ्याच्या हातांवर. आणि प्रयोगशाळेतल्या पूजेच्या वेळी ती दरवर्षी कुठेतरी बाहेर जात असे. दाताचा डॉक्टर, बँक, काहीही. या गुरुवारीही गेली होती. शिक्का लागला, लॅपटॉप टेबलावर राहिला, पूजा झाली की मदतनीस सेल्लाक्काने तो कपाटात ठेवून किल्ली संचालकांकडे द्यायची, असं ठरलं, आणि ती पर्स उचलून निघाली. तो दीड तास तिच्या नजरेआड होता. स्वतःच्या कातडीसारखं जे जपायचं ते तिने दीड तास उघड्यावर टाकलं होतं, कारण तिला गंधाचा वास सहन होत नव्हता. सहन होत नव्हता असं ती सांगायची, निदान.

सेल्लाक्का एवढ्यात पाण्याचा जार घेऊन आत आली. तीस वर्षं ती इथे होती, सगळ्यांच्या आधी यायची, परीक्षानळ्या धुवायची. पोंगल झाला की निवृत्त होणार होती. केसात परवाचा सुकलेला गजरा. एळिलने विचारलं तेव्हा तिचा स्वतःचाच आवाज तिला अनोळखी वाटला. "सेल्लाक्का, गुरुवारी लॅपटॉप कपाटात कोणी ठेवला?"

"मीच, मॅडम."

"मधे कोणी हात लावला होता?"

सेल्लाक्काने जार खाली ठेवला. ओले हात पदराला पुसले, एकदा, पुन्हा एकदा, पुसून झाल्यावरही. "हात म्हणजे?"

"हात म्हणजे हात. कोणी सुरू केला होता? पाडला? पाणी सांडलं?"

"नाही मॅडम. माझ्या हातून काही पडत नाही. तीस वर्षांत एक नळी फुटली, तीही मांजरानं फोडली."

मदिवाणन वहीतून मान वर न करता म्हणाला, "मांजराचीही सही घ्यायला हवी होती पट्टीवर." सेल्लाक्का हसली नाही. तिने एळिलकडे बघितलंही नाही, आणि ते न बघणं एळिलने टिपून ठेवलं, मदिवाणनच्या हाताशी असलेल्या चार्जरशेजारी.

संचालकांनी फोनवर ऐकून घेतलं. दुरुस्तीला न्यायला हरकत नाही, ते म्हणाले, पाठ उघडायची नाही, पट्टी जशीच्या तशी हवी. मदिवाणनने विचारलं, "मी येऊ बरोबर?" तिने नको म्हटलं. त्यावर तो थोडा विचार करून म्हणाला, "मग सेल्लाक्काला न्या. उद्या मीच म्हणेन की वाटेत काय केलंत कोणास ठाऊक. साक्षीदार असलेला बरा, तुमच्यासाठीच." तो बोलला ते बरोबर होतं. आणि त्याने साक्षीदार म्हणून कोणाला निवडलं हेही तिच्या लक्षात आलं.

रिक्षात सेल्लाक्का पिशवी मांडीवर घेऊन बसली, दोन्ही हातांनी, लहान मुलाला धरावं तशी. रस्त्यात प्रत्येक दुकानापुढे दृष्ट काढून फोडलेले कोहळे पडले होते, आत भरलेलं कुंकू डांबरावर पसरून तीन दिवसांत काळपट झालेलं, आणि रिक्षावाला त्या फोडींना चुकवत वेडीवाकडी वळणं घेत होता. खांबांना बांधलेल्या केळी माना टाकून होत्या. एळिल सेल्लाक्काच्या हातांकडे बघत होती. शिरा, भांडी घासून गुळगुळीत झालेली बोटं, नखं कापलेली. पिशवीच्या कापडावरूनच तिचा अंगठा पट्टीवर फिरतोय का? मदिवाणनने हिला काय सांगितलं असेल? हिच्या मुलीच्या नोकरीसाठी त्याने शिफारशीची चिठ्ठी दिली होती, दोन वर्षांपूर्वी. तेव्हा तिला ते चांगलं वाटलं होतं. आता तीच चिठ्ठी तिला निराळी दिसू लागली. चौदा वर्षांचं सगळंच आता निराळं दिसत होतं. तो कॉफी आणून द्यायचा ते, सेल्लाक्का तिच्या टेबलावर रोज पाणी झाकून ठेवायची ते. शंका एकदा घेतली की कुठल्याही गोष्टीत बसते. कांडी पाण्यात सोडावी आणि तळापर्यंत प्रत्येक थर खाराच लागावा, तशी. आणि मग अगदी खालचा थर आला: आपणच तर नाही? एखाद्या महिन्यात आपण विहिरीवर न जाता आकडा टाकला, आणि विसरलो? वडील गेले त्या महिन्यात? तिला आठवत होतं की गेलो होतो, उन्हात, आठही विहिरींवर. पण आठवणीत विहिरी सात होत होत्या. लॅपटॉप उघडला तर त्यात असेल. तारीख आणि वेळेसकट असेल, किंवा नसेल. तो उघडू नये असं आपल्यालाच तर वाटत नाही? तिने सेल्लाक्काच्या हातांवरून नजर काढली आणि स्वतःच्या हातांकडे बघितलं. त्यांनी तिला काही सांगितलं नाही.

"मॅडम, माझ्यावर रागावलात?" सेल्लाक्का रस्त्याकडे बघत म्हणाली.

"मी विचारलं फक्त."

"त्या वर्षीसारखं विचारलंत."

कुठल्या वर्षी, हे एळिल विचारणार होती, पण दुरुस्तीच्या दुकानांनी भरलेल्या रिची स्ट्रीटच्या तोंडाशी रिक्षा अडली आणि उतरावं लागलं.

शाहुलभाईंचं दुकान जिन्याखाली होतं, दोन माणसं उभी राहिली की भरायचं. साठीचे, डोक्यावर जाळीची टोपी, डोळ्याला घड्याळजींचं भिंग. आजूबाजूला उघडलेली यंत्रं, तारा, आणि कोपऱ्यात डब्यावर ठेवलेली, कागदात बांधलेली बिर्याणी. एळिलने जे जे तपासलं ते क्रमाने सांगितलं: भिंत, चार्जर, आकडा, पिन, बटण. पाठ उघडायची नाही हेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "अम्मा, हे यंत्र ऑफिसमधलं की घरचं?"

"ऑफिसमधलं."

"पूजा झाली?"

एळिलने यंत्र त्यांच्यापुढे सरकवलं. शाहुलभाईंनी मागची कड दिव्याखाली धरली, भिंग सरसावलं आणि समाधानाने मान हलवली. "या आठवड्यातलं हे पाचवं. दरवर्षी पूजेनंतर माझं दुकान चालतं, अल्लाची कृपा. एकाच्या प्रिंटरमध्ये अख्खं लिंबू सापडलं." त्यांनी दात कोरायची काडी घेतली, टोकाला स्पिरिटचा थेंब लावला, आणि खाचेत घालून हळूच फिरवली. काडी बाहेर आली तेव्हा तिच्या टोकाला वाळलेल्या गंधाचा पिवळा खडा होता, आणि खड्याच्या मध्यभागी सुईच्या जाडीचं एक नेमकं भोक. "गंध ओलं असताना आत गेलं, चार दिवसांत वाळून सिमेंट झालं. पिन आत जाते, पण धातूला धातू लागत नाही. मधे देव बसलाय."

पितळ, ती मनाशी म्हणाली होती. टॉर्च लावून, डोळ्यांनी बघून.

"आणि चार्ज कमी कसा झाला? बंद असताना एकतीस टक्के?"

"बॅटरी किती वर्षांची?"

"अकरा."

"मग तुम्ही अजून विचारताय?" ते म्हणाले. "माझीही रात्रभरात उतरते." त्यांनी आणखी दोन काड्या फिरवल्या, फुंकर मारली, चार्जर लावला. दिवा लागला. तो इतका लहान होता की त्यासाठी सकाळपासून छातीत एवढं काही साठलं होतं हे एळिलला पटेना.

मागे सेल्लाक्का उभी होती. ती दिव्याकडे बघत नव्हती, काडीकडे बघत होती. "मी लावलं," ती म्हणाली, कोणी विचारायच्या आधीच. "मला वाटलं कडेला लागलं. आत गेलं ते कळलं नाही."

"मी तुम्हाला सांगितलं होतं माझ्या यंत्राला लावायचं नाही म्हणून."

"सांगितलं होतंत. पहिल्याच वर्षी. बटणांवर कुंकू पडलं तेव्हा. सगळ्यांसमोर." सेल्लाक्काच्या आवाजात तक्रार नव्हती, ती माहिती देत होती. "मग मी मागे लावायला लागले, खालच्या कोपऱ्याला. तुम्हाला दिसणार नाही तिथं. तुम्ही गेल्यावर."

"दरवर्षी?"

"मग काय? सगळ्या खोलीतल्या यंत्रांना लावायचं आणि एकट्या त्यालाच वगळायचं? वर्षभर तुमच्याबरोबर उन्हात जातं ते."

"आणि यंदा?"

"यंदा त्या जागी कागद होता. तुमची सही, साहेबांची सही. सहीवर बोट कसं ठेवू? म्हणून दोन बोटं सरकून लावलं."

शाहुलभाई हसू दाबत बिर्याणीच्या डब्याकडे वळले. एळिलने लॅपटॉप हातात घेतला आणि पाठ उजेडाकडे केली. पट्टी जागच्या जागी होती, कडा कुठे सुटलेल्या नव्हत्या. पण कोपऱ्यात, तिच्या सहीच्या खालून, कागदातून एक फिकट पिवळा डाग वर आला होता, आणि त्या डागाच्या आत आणखी जुना, तपकिरी. अकरा वर्षांचा डिंकात भिजलेला थर. त्याच्यावरच त्या दोघांनी सह्या केल्या होत्या. तिला अंबत्तूरचा लेथ आठवला, खालचं अंग, आणि त्यावर टेकलेला तळहात. पण आठवण पुढे गेली नाही. तिथेच तिच्या मनात दुसरंच काहीतरी कोरडं, नेमकं मोजायला लागलं होतं.

शिक्का लागल्यानंतर यंत्राला बोट लागलं होतं. कोणी, का, कशाने हे महत्त्वाचं नव्हतं. मदिवाणनला एवढं पुरेसं होतं.

परतताना पिशवी एळिलने स्वतःच्या मांडीवर घेतली. "सेल्लाक्का," ती म्हणाली, "हे तिथे कोणाला सांगायचं नाही."

"विचारलं तर?"

"कोणी विचारणार नाही."

"पण विचारलं तर सांगून टाकते मी. चूक माझी. पोंगलनंतर तसंही घरीच बसायचंय."

"तुम्हाला घरी बसवून भागलं असतं तर मी बोलले नसते. ते म्हणतील शिक्का बिघडला, नोंदी धरायच्या नाहीत. सगळ्या. मग टँकर बंद होतील. तुमची बहीण मणलमेडुलाच राहते ना?"

सेल्लाक्काने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. रिक्षावाल्याने एका कोहळ्याच्या फोडीवरून चाक नेलं आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटला. "परवाच तर विद्येची पूजा झाली, मॅडम," ती शेवटी म्हणाली. "लगेच खोटं कसं बोलू?"

"तुम्ही बोलू नका. तुम्ही फक्त गप्प बसा."

ती गप्प बसली. तीस वर्षं जी बाई फुटलेल्या एका नळीचाही हिशोब देत आली तिला आपण काय शिकवलं, हे एळिलला कळत होतं, आणि रिक्षाच्या धक्क्यांबरोबर कळत राहिलं.

तीन वाजता संचालकांच्या खोलीत पडदे ओढलेले होते. संचालक, बाहेरून आलेले दोन सदस्य, मदिवाणन, आणि दाराशी स्टुलावर सेल्लाक्का. लॅपटॉप टेबलाच्या मधोमध ठेवला, दिवा लागलेला, बावन्न टक्के. नोंदी उघडल्या. मदिवाणनने यादी काढली होती. तो एकेक तारीख सांगायचा, ती उघडायची, तो कागदावरच्या आकड्याशी ताडून बघायचा. एकवीस तारखा. वडील गेले त्या महिन्याचं नाव त्याने घेतलं तेव्हा तिचं बोट बटणावर थांबलं. मग तिने उघडलं. आठ विहिरी, आठ वेळा, सकाळी सात चाळीसपासून दुपारी एकपर्यंत. आठवी होती. ती उन्हात गेली होती, आठही ठिकाणी, आणि त्यातली एक तिच्या डोक्यातून पुसली गेली होती, एवढंच. मदिवाणनने शेवटच्या तारखेवर खूण केली, चष्मा काढला आणि म्हणाला, "जुळतात." थोड्या वेळाने, कोणी न विचारता, तो पुन्हा म्हणाला, "विहिरी शहाण्या आहेत म्हणायच्या."

मग संचालकांनी तो फॉर्म पुढे सरकवला. एकच पान. शिक्क्याची तारीख, उघडल्याची तारीख, पट्टी अखंड आहे का. तिसरी ओळ: शिक्का लागल्यापासून आजच्या दुरुस्तीखेरीज यंत्राच्या कुठल्याही भागाला कोणी स्पर्श केला आहे का, केला असल्यास तपशील. खाली दुरुस्तीचं कारण. एळिलने पेन उघडलं. दाराशी स्टूल कुरकुरलं. सेल्लाक्का उठली नव्हती, फक्त सावरून बसली होती, दोन्ही हात मांडीवर, तळवे खाली. चौदा वर्षांत दर महिन्याला आठ, असे तेराशेच्या वर आकडे तिने नोंदवले होते आणि त्यातल्या एकाही वेळी तिचा हात थबकला नव्हता. आत्ताही थबकला नाही. तिसऱ्या ओळीपुढे तिने लिहिलं: नाही. दुरुस्तीच्या कारणापुढे: धूळ. अक्षर नेहमीसारखंच आलं, लहान, सरळ, एकसारखं.

तिने पान मदिवाणनकडे दिलं. तो नेहमी प्रत्येक ओळ बोटाने वाचायचा. तिच्या तक्त्यांवर त्याचं ते बोट तिने वर्षानुवर्षं बघितलं होतं, दशांशापाशी थांबणारं, मागे जाणारं. तिने त्या बोटाकडे बघितलं. ते पानावर टेकलंच नाही. तो थेट तळाशी गेला आणि त्याने सही केली.